बोरीच्या पुलावर बंद पडलेली गाडी आणि तिचा कॉम्प्युटर

गाडी २००६ ची. चार सिलिंडर, पेट्रोल, एमपीएफआय (म्हणजे कार्बोरेटर नाही, कॉम्प्युटरवर चालणारे इंजेक्टर), छोटी हॅचबॅक. बाबांनी रिटायर झाल्यावर घेतलेली, २०२१ ला पंधरा वर्षं भरली तेव्हा आरटीओत फिरवून पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन वाढवून आणलं, त्यामुळे २०२६ पर्यंत तरी ती घरात राहणार हे ठरलेलंच होतं. कंपनी कुठली ते मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष कंपनीचा नाहीच. अठरा वर्षं फोंड्याच्या पावसात उघड्यावर उभी राहिलेली कुठलीही गाडी हे करू शकते.

जुलै २०२४. मी फोंड्याहून वेर्ण्याला कामाला जातो, वाटेत बोरीचा पूल. सकाळी साडेसातची वेळ, पाऊस असा की वायपर फुल स्पीडवर ठेवूनही समोरच्या ट्रकची लाइट तेवढी दिसत होती, आणि पुलाच्या बरोब्बर मधे इंजिन बंद. झटका नाही, खोकणं नाही, कोणीतरी चावी फिरवून बंद करावी तसं गप्प. सेल्फ मारला की इंजिन नुसतं फिरतंय, उचलत नाही. मागे लाइन लागली, हॉर्न सुरू, एक पायलटवाला (आमच्याकडचा बाइक टॅक्सीवाला) बाइक बाजूला लावून आला, "कितें जालें रे?" म्हणत त्याने आणि मी ढकलत गाडी पुलाच्या पलीकडे नेली. दहा-बारा मिनिटांनी सहज चावी फिरवली तर एका सेल्फला सुरू, जणू काही झालंच नाही.

त्या आठवड्यात असं तीनदा झालं. मग गाडी नेहमीच्या गॅरेजला दिली (नाव नको). त्यांनी आधी पेट्रोलचा पंप बदलला, ४२०० रुपये. चार दिवसांनी परत बंद. मग क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला कळवणारा) बदलला, १८००. परत बंद. आता मी त्यांना शिव्या घालत नाही, कारण चालती गाडी अचानक बंद पडणं आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होणं हे क्रँक सेन्सरचं अगदी पुस्तकी लक्षण आहे, तो गरम झाला की आतली कॉइल तुटते आणि गार झाला की परत जुळते. अंदाज चूक नव्हता. पण अंदाजच होता, कोणी काही मोजलं नव्हतं.

आणि ज्या गोष्टीवरून सगळं कळायला हवं होतं ती रोज माझ्या डोळ्यासमोर होती. चावी ऑनला आणली की डॅशबोर्डवर पिवळा चेक इंजिनचा दिवा लागतो, सेल्फ मारून गाडी सुरू झाली की विझतो. बरं, त्याच वेळी मागच्या सीटखालून दोनेक सेकंद पंपाचा गुंईं असा आवाज येतो. गाडी बंद पडायची तेव्हा यातलं काहीच व्हायचं नाही. दिवा नाही, आवाज नाही. मी उलट खूश, की बघा चेक इंजिन लागत नाही म्हणजे काही सीरियस नाही! आता डोक्यावर हात मारावासा वाटतो. क्रँक सेन्सर मेला तरी चावी ऑन केल्यावर तो दिवा लागतो आणि पंपही एकदा फिरतो, कारण ते काम सेन्सरचं नाही, ईसीयूचं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं आहे. दोन्ही एकदम गायब म्हणजे ईसीयू जागाच होत नाहीये. एकतर त्याला करंट पोचत नाही, नाहीतर तो स्वतः गेला.

मधे एक प्रयोग केला तोही सांगतो. ऑफिसातल्या एकाने ब्लूटूथवाला ईएलएम ३२७ डोंगल दिला, गाडीचा कॉम्प्युटर मोबाइलवर वाचायचा, सहाशे-सातशेला मिळतो तो. स्टिअरिंगखाली सोळा पिनचं सॉकेट होतं, लावला, मोबाइल म्हणतो कनेक्ट होत नाही. लगेच निष्कर्ष, कॉम्प्युटर मेला! पण गाडी व्यवस्थित चालू असतानाही तो कनेक्ट होत नव्हता. आपल्याकडे ओबीडी-टू (कॉम्प्युटरशी बोलायची सगळ्या गाड्यांना एकच भाषा) सक्तीचं झालं २०१३ च्या एप्रिलपासून, त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांना सॉकेट तसंच दिसतं पण आतली भाषा कंपनीची स्वतःची, हा स्वस्तातला डोंगल तिथे मुकाच. त्यामुळे २००६ च्या गाडीत डोंगल बोलला नाही तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही.

शेवटी बाबा म्हणाले मेस्ताकडे ने. मेस्त म्हणजे वरच्या बाजाराकडचे एक ऑटो इलेक्ट्रिशियन, वय सत्तरीच्या आसपास, ॲम्बेसेडर आणि फियाटच्या डायनॅमोवर शिकलेले. मी तोपर्यंत यूट्यूब बघून तयारच होतो, म्हटलं मेस्त, कॉम्प्युटर गेलाय. ते म्हणाले, "पयलीं करंट येता काय ना तें पळोवया." म्हणजे आधी करंट येतो की नाही ते बघूया. एवढंच.

त्यांची पद्धत मला फार आवडली. हातात मीटर होता, पण ईसीयूच्या कपलरवर (वायरी जिथे जोडतात त्या सॉकेटवर) त्यांनी तो लावलाच नाही. त्यांच्याकडे ब्रेकलाइटचा २१ वॅटचा बल्ब, त्याला दोन वायरी डाग दिलेल्या, टोकाला सुया. म्हणाले मीटर खोटं बोलतो. म्हणजे असं, की वायरीच्या वीस तारांपैकी एकोणीस कुजल्या आणि एक शिल्लक असेल तरी मीटर १२ व्होल्टच दाखवणार, कारण मीटर करंट ओढतच नाही. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, एका तारेतून तेवढा जात नाही आणि बल्ब मिणमिणतो. ईसीयू आमच्या गाडीत डाव्या बाजूला, ग्लोव्ह बॉक्सच्या मागे वरच्या अंगाला. बॅटरीचं मायनस काढलं, कपलर सोडवला, परत मायनस लावलं. मग एकेक पिन. बॅटरीची डायरेक्ट लाइन, बल्ब लख्ख. चावी ऑनची लाइन, लख्ख. मेन रिलेची (करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचची) लाइन, ती रिले हाताने जोडून बघितली, लख्ख. मग बल्बची एक सुई बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी ईसीयूच्या अर्थच्या (म्हणजे मायनसच्या) पिनला. अशा अर्थच्या पिना दोन होत्या. एकाला ठीक, दुसऱ्याला बल्ब तांबडा, देवघरातल्या समईसारखा.

ती अर्थची वायर शोधत गेलो तर इंजिनवर इनटेक मॅनिफोल्डच्या बोल्टला थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावून कसलेली. वरून चांगली दिसत होती. मेस्तांनी थिंबलपासून दोन इंच इन्सुलेशन सोललं तर आत तांब्याच्या जागी हिरवी पूड. गोव्याच्या हवेत हे सर्रास होतं, खारी दमट हवा थिंबलच्या तोंडातून आत शिरते आणि तार आतल्या आत खाते, बाहेरचं प्लास्टिक मात्र नवंकोरं. त्यांनी स्वच्छ तार लागेपर्यंत वायर कापली, नवीन तुकडा जोडला, डाग दिला, थिंबल बदललं, बोल्टची जागा पॉलिशपेपरने घासली. परत बल्ब, लख्ख.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर लिहायलाही बसलो नसतो. अर्थ खराब असला की ईसीयूला मिळणाऱ्या १२ व्होल्टमधले दोन-तीन व्होल्ट त्या कुजक्या तारेतच खर्च होतात, सेल्फ मारताना बॅटरीच दहाच्या आसपास उतरलेली असते, त्यातून हे वजा केले की ईसीयूच्या वाट्याला जे उरतं त्यावर तो रिसेट मारत बसतो. त्यामुळे मला वाटलं झालं, सापडलं. तीन दिवस गाडी मस्त चालली. चौथ्या दिवशी रात्रभर धो धो पाऊस आणि सकाळी अंगणातच ठप्प. दिवा नाही, पंप नाही. या वेळी वाट बघूनही नाही. कायमची गेली.

मेस्त घरी आले. आता मीटर काढला. इंजिनवरचा थ्रॉटलचा सेन्सर आणि मॅप सेन्सर (आत येणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), दोघांनाही ईसीयूकडून ५ व्होल्टची एक कॉमन लाइन जाते. सगळा सेन्सरांचा हिशोब त्या पाचावर. चावी ऑन करून तिथे मोजलं तर ०.८. मला वाटलं हाच पुरावा, पण ते म्हणाले थांब. ही लाइन कॉमन असल्यामुळे एखादा सेन्सर आतून शॉर्ट झाला की तो सगळ्यांचे पाच व्होल्ट खाली खेचतो, आणि मग चांगला ईसीयू मेल्यासारखा वागतो, लोक वीस-पंचवीस हजाराचा बॉक्स बदलतात आणि प्रॉब्लेम तसाच. म्हणून त्यांनी एकेक सेन्सरचा कपलर काढत मोजलं. थ्रॉटल काढला, ०.८. मॅप काढला, ०.८. मग ईसीयूचा कपलर काढून ती वायर बॉडीला कुठे टेकलीय का ते बघितलं, नाही. म्हणजे सेन्सर बरोबर, वायर बरोबर, करंट आणि अर्थ आधीच तपासलेले. आता राहिला एकच. त्यांनी मीटर बंद केला आणि म्हणाले, "आतां म्हण, कॉम्प्युटर गेलो."

ईसीयू बाहेर काढताना माझा हात ओला झाला. तिथे समजायला हवं होतं, खरं तर त्याच्याही आधी. जूनपासून ही म्हणत होती की गाडीत कुबट वास येतो, आणि मी काय केलं, आरशाला मोगऱ्याच्या वासाचं ते हिरवं कागदी झाड लटकवलं. डाव्या बाजूची मॅट उचलली तर खालचा फोम पिळण्याएवढा भिजलेला.

ॲल्युमिनियमची पेटी, चार स्क्रू, कडेने रबराचं सील. उघडली. बोर्डाचा एक कोपरा सोडला तर बाकी सगळं हिरवंगार चकचकीत, कालच फॅक्टरीतून आल्यासारखं. पण कपलरच्या मागचा तो कोपरा, तिथे पांढरट पिवळा थर, वाळलेल्या मिठागरासारखा, आणि त्यात निळसर हिरवे ठिपके. नखाने खरवडलं तर खालची तांब्याची रेघ थरासकट निघून आली. गंमत म्हणजे ती रेघ बॅटरीच्या डायरेक्ट लाइनची होती. गाडी बंद असली तरी त्या पिनेवर चोवीस तास १२ व्होल्ट असतात, पाणी पडलं की तांबं विरघळायला तिथेच सुरुवात होते, बाकीच्या पिना निदान रात्री तरी झोपतात. आणि पाणी असताना बंद, वाळलं की सुरू, हे आमचं बोरी पुलाचं कोडंही तिथेच सुटलं.

आता पुढचा प्रश्न, करायचं काय. शोरूमच्या पार्ट काउंटरला विचारलं, नवीन ईसीयू २८ हजार, अधिक चावीचं प्रोग्रॅमिंग, आणि माल यायला महिना, तोही आला तर. गाडीची किंमतच लाखाच्या आत. चवथ (गणेश चतुर्थी) होती ७ सप्टेंबरला, आमचं मूळ घर वाळपईकडे, आई-बाबा, माटोळीचं (गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं) सामान, मुलं, सगळं लटांबर घेऊन तिकडे जायचं होतं. तेव्हा जुना ईसीयू शोधणं आलं. मुंबईला मावसभाऊ आहे, तो कुर्ल्याला सीएसटी रोडवर जाऊन आला, तिथे जुन्या गाड्यांच्या पार्टांची दुकानंच दुकानं. फोटो पाठवला. लेबलवरचा नंबर तंतोतंत, फक्त शेवटची दोन अक्षरं वेगळी. दुकानदार म्हणे चालतं, कपलर तोच आहे. ५५०० रुपये. बिल घेऊन ये असं मी त्याला बजावून सांगितलं, जुना पार्ट कुठल्या गाडीतून निघालाय ते आपल्याला माहीत नसतं, निदान कागद तरी हातात असावा.

इथे एक चूक होता होता राहिली. दुकानदार म्हणाला होता की जुना ईसीयू आम्हाला पाठवा, दीड हजार कमी करतो. मी तयार होतो. मेलेला डबा, दीड हजार मिळतायत, कोण सोडेल. मेस्तांनी सांगितलं की गाडी सुरू होऊन महिना होईपर्यंत जुनं काही टाकायचं नाही, आणि म्हणून राहिला. पुढे वाचाल तर कळेल काय वाचलं ते.

पार्सल आलं. लावायच्या आधी मेस्तांनी अजून एक तास घालवला. चारही इंजेक्टरांचा ओहम मोजला, तेरा-चौदाच्या आसपास सगळे सारखे. इग्निशन कॉइलचा मोजला. बॅटरी १२.५, दुसऱ्या गाडीवर लावून तिचा सेल्फ मारतानाचा व्होल्टेजही बघितला. कारण इंजेक्टर नाहीतर कॉइल शॉर्ट असेल तर ती ईसीयूच्या आतला ड्रायव्हर (म्हणजे तिला चालवणारी चिप) जाळते, आणि तुम्ही दुसरा आणून लावला की तोही त्याच वाटेने जातो. मी म्हटलं आपला तर पाण्याने गेलाय. म्हणाले हो, पण पाण्याने एकच वस्तू जाते असं कुठे लिहिलंय.

मायनस काढून कपलर लावला, मायनस जोडलं, चावी ऑन. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला! पंप गुंईं केला! इतक्या दिवसांनी तो आवाज ऐकून बरं वाटलं. सेल्फ. इंजिन उचललं, एक सेकंद, आणि बंद. परत सेल्फ, परत एक सेकंद, बंद. डॅशबोर्डवर चावीचं चित्र लुकलुकतंय.

इमोबिलायझर. चावीच्या काळ्या प्लास्टिकमधे तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी चिप असते, तिला सेल वगैरे काही लागत नाही, चावीच्या भोकाभोवती एक कॉइल बसवलेली असते ती १२५ किलोहर्ट्झवर तिला जागं करते आणि चिप आपला नंबर सांगते. तो नंबर ईसीयूच्या मेमरीतल्या नंबराशी जुळला तर इंजिन चालू द्यायचं. कुर्ल्याहून आलेला ईसीयू दुसऱ्याच कुणाच्या तरी चावीची वाट बघत होता. पण मला वाटतं त्या दिवशीची ही नापास टेस्ट सगळ्यात कामाची ठरली, कारण दिवा, पंप आणि एक सेकंदाचं का होईना इंजिन, एवढ्यावरून वायरिंग, अर्थ, सेन्सर, इंजेक्टर सगळं ठीक आहे हे नक्की झालं. सेन्सरवर पाच व्होल्टही पाचच होते. दोष फक्त आमच्या पेटीत.

बेळगावला एकजण ईसीयू दुरुस्त करतो असं कळलं. गाडी नाही, तेव्हा बस. दोन्ही ईसीयू प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पंच्यात गुंडाळून मांडीवर, चोर्ला घाटात धुकं आणि पाऊस, बाजूचे काका विचारत होते मोदक नेताय की काय.

तो माणूस तिशीचा, माडीवर दहा बाय दहाची खोली, मायक्रोस्कोप, हॉट एअर, टेबलावर पॉवर सप्लाय. पिशवी बघूनच वैतागला, "काय ओ, उघडा बोर्ड प्लास्टिकात घालून आणतात व्हय, स्टॅटिकनं मेला असता की." पुढे तो करणार होता ते मला आधीच माहीत होतं, म्हणजे जुन्या बोर्डावरची आठ पायांची छोटी मेमरी चिप वाचायची, त्यातली चावीची माहिती नव्या बोर्डाच्या चिपमधे लिहायची, झालं. पूर्ण मेमरी फक्त ५१२ बाइट. व्हॉट्सॲपवरचा गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्या शेकडो पट मोठा असतो, आणि त्या एवढ्याशा गोष्टीवाचून गाडी चालत नाही. जुनी मेमरी व्यवस्थित वाचली गेली, पाणी तिथवर पोचलं नव्हतं. तो ईसीयू दीड हजारासाठी कुर्ल्याला गेला असता तर ही माहितीही त्याच्यासोबत गेली असती.

पण लिहायच्या आधी त्याने दोन्ही बोर्ड शेजारी ठेवले आणि मायक्रोस्कोपखाली बघत बसला. मग मला बोलावलं. "हे बघा की ओ. हितं जागा रिकामी हाय." आमच्या बोर्डावर एका ठिकाणी काळी चिप आणि तिच्याभोवती चार बारके पार्ट. कुर्ल्याच्या बोर्डावर त्याच जागी नुसते चांदीचे चौकोन, पार्ट बसवलेलेच नाहीत. तो रिलेचा ड्रायव्हर, एसीचा कॉम्प्रेसर लावणारा. गाडीत तुम्ही एसीचं बटण दाबता तेव्हा ते बटण कॉम्प्रेसर लावत नाही, ते ईसीयूला विनंती करतं, आणि ईसीयू आयडल (गाडी उभी असतानाचा इंजिनचा वेग) थोडा वाढवून मग रिले ओढतो. कुर्ल्याचा बोर्ड बिनएसीच्या बेसिक मॉडेलचा. शेवटची दोन अक्षरं म्हणजे हेच. कपलर तोच, पेटी तीच, गाडी सुरूही झाली असती, आणि मग मी महिनाभर एसीचा गॅस भर, कॉम्प्रेसर बदल असं करत बसलो असतो.

मग त्याने उलटं सुचवलं, जे माझ्या डोक्यातही नव्हतं. आमच्या बोर्डावर गेलंय काय, तर एक खाल्लेली रेघ आणि ५ व्होल्ट बनवणारी चिप, तिचे पाय गंजलेले. ही चिप नुसती ५ व्होल्ट बनवत नाही, प्रोसेसरला वेळच्या वेळी रिसेटही देते, आणि तिच्यावर छापलेला नंबर कंपनीचा घरचा, बाजारात मागून मिळत नाही. पण कुर्ल्याच्या बोर्डावर अगदी तीच चिप, धडधाकट. तर ती काढून आमच्यात बसवायची. चावीची मेमरी हलवायची गरजच नाही, एसी, प्रोग्रॅम, सगळं मूळचं. म्हणजे मी ईसीयू म्हणून जे ५५०० ला घेतलं ते शेवटी एका चिपेचं पाकीट निघालं.

दोन तास लागले. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने कोपरा घासला, थर जाईपर्यंत तीन-चारदा. मग हॉट एअरने चिप उतरवली, नवी बसवली, खाल्लेल्या रेघेच्या जागी केसासारखी बारीक एनॅमलची वायर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डागली आणि गोंदाने चिकटवली. पॉवर सप्लायवर लावून मोजलं, ४.९८. वरून पारदर्शक लॅकर मारलं, वाळवलं, पेटीच्या कडेचं जुनं सील काढून नवीन सिलिकॉन. आणि मागितल्याशिवाय ती ५१२ बाइटची फाइल माझ्या मोबाइलवर पाठवली, पुढे कधी लागली तर म्हणून. ३५०० रुपये. रात्रीच्या बसने परत.

दुसऱ्या दिवशी मेस्तांसमोर लावला. दिवा, पंप, सेल्फ, सुरू. दहा मिनिटं एसी बंद ठेवून आयडलवर सोडली, बॅटरी काढलेली असल्यामुळे ईसीयू आयडल नव्याने शिकतो, पहिली काही मिनिटं आरपीएम थोडा वरखाली होतो त्याला घाबरायचं नाही. मग एसी लावला, कॉम्प्रेसर खट्ट करून लागला, आरपीएम जरा वर जाऊन स्थिर. अल्टरनेटर १४.१. नंतर पीयूसीला नेली तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ०.५ टक्क्याच्या मर्यादेत आरामात. माझ्या मते ईसीयूचं काम केल्यावर पीयूसीचा कागद ही सगळ्यात स्वस्त टेस्ट आहे, मिश्रण बिघडलं असेल तर तिथे लगेच दिसतं.

राहिला पाण्याचा प्रश्न, आणि मेस्त तो सोडवल्याशिवाय ईसीयू जागेवर कसायला तयार नव्हते. मी सीटवरून उलटा लोळून ग्लोव्ह बॉक्सच्या भोकात टॉर्च धरून पडलो, मुलगा बाहेरून काचेच्या तळाशी नळी सोडून उभा. मिनिटभर काही नाही. दुसऱ्या मिनिटाला वायरिंगच्या जाड दांड्यावरून एक थेंब सरकत आला, मुंगीसारखा, कपलरच्या दिशेने, आणि आत गेला. मग दुसरा. मग रांगच.

वायपरच्या खाली जी काळी प्लास्टिकची जाळी असते तिच्या आत पत्र्याचा हौद असतो, काचेवरचं पाणी तिथे पडतं आणि कडेच्या भोकातून पुढच्या चाकामागे खाली निघून जातं. आमची गाडी गुलमोहराखाली उभी असते. आंब्या-फणसाची पानं जाळीवर अडकतात, हाताने काढता येतात, पण गुलमोहराची ती एवढी एवढीशी पानं जाळीतून थेट आत जातात, मे-जूनमधे पाकळ्याही. जाळी उघडली तर आत चांगलं दोन बोटं खत तयार झालेलं, भोक गच्च बंद, एक रोपही उगवलं होतं. हौद भरला की पाणी ब्लोअरच्या तोंडाजवळून वायरिंग धरून आत. आणि वायरिंग ईसीयूत वरून उतरत होतं, म्हणजे पाण्याला सरळ घसरगुंडी.

खत काढलं, भोकात सायकलच्या ब्रेकची वायर घालून मोकळं केलं, जाळीखाली मच्छरदाणीचा तुकडा लावला. ईसीयूची पट्टी मेस्तांनी वाकवून अशी फिरवली की कपलरचं तोंड खाली येईल, आणि वायरिंगला पेटीच्या खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी आलंच तर झोळाच्या तळाशी जमून टपकेल, चढून कपलरात जाणार नाही. फोम काढून तीन दिवस गच्चीवर वाळवला. मेस्तांचे सगळे मिळून १२००.

एकूण १६२००, त्यातले ६००० पंप आणि सेन्सरचे, जे बदलायची गरज नव्हती. जुना पंप आणि सेन्सर दोन्ही चांगले निघाले, डिकीत ठेवलेत. कुर्ल्याचा बोर्ड कपाटात आहे, चिपेची जागा रिकामी, ही अधूनमधून विचारते टाकू का म्हणून.

चवथीला उसगाव तिस्कवरून वाळपईला गेलो, मागे माटोळीच्या नारळ-सुपाऱ्यांची पिशवी, आई पुढच्या सीटवर पाय ईसीयूखाली ताणून बसलेली, भर पावसात, काही झालं नाही. या वर्षी मिरगाच्या आधी जाळी उघडून बघितली, मच्छरदाणीवर पानांचा थर होता, झटकला. मग दोन तांबे पाणी काचेच्या खाली ओतलं आणि वाकून बघितलं, डाव्या चाकामागून धार आली.